पाणंद

वेंगुर्ल्याला, हंगाम संपलेल्या एका रिसॉर्टच्या जेवणघरात
आम्ही अठराजण खुर्च्यांचं कडं करून बसलो:
तीन पक्षांचे, दोन फुटलेल्यांचे,
एक इक्बाल मुकादम, ज्यांना आता कुठलाच पक्ष घेत नाही,
आणि नेल्सन, जो निवडणूक न लढवताच
अर्ध्या गावाचे दाखले काढून देतो.
फेलोशिप म्हणे. सासूला मी सांगितलं, प्रशिक्षण आहे.
ती म्हणाली, "सरपंच होवन तीन वर्सां झाली, आता शिकतंस?"

खोली क्रमांक सहा. दुसऱ्या खाटेवर
दर्शना तांडेल. माझ्याच गावची, माझ्याच पंचायतीतली,
माझ्यावरच्या अविश्वासाच्या नोटिशीवर पहिली सही तिची.
खोल्या लावणाऱ्याला काय माहीत.
रात्री तिने विचारलं, पंखा कितीवर?
मी म्हटलं, तीनवर.
सकाळी माझी पेस्ट संपली होती,
तिची मी न विचारता घेतली.

दुसऱ्या दिवशी ऋजुता, पुण्याची, माझ्या मुलीएवढी,
म्हणाली, मोठे कागद घ्या,
आठवणीतून आपापलं गाव काढा. बोलायचं नाही.
सुर्वेसाहेबांनी आधी स्वतःचं घर काढलं,
मग त्याच्याभोवती तालुका.
हसू आलं. पण हात माझाही तिकडेच गेला:
पंचायत, झेंड्याचा खांब, मी आणलेली टाकी,
मी आणलेले सोलर दिवे, नऊ, मोजून,
जेटी, शाळा, रवळनाथाचं देऊळ,
खाडी निळ्या पेनाने.

"आता शेजाऱ्याशी कागद बदला.
जे राहिलंय तेवढंच काढा."
आम्हाला खोलीच्या क्रमाने बसवलं होतं.

तिने पेन्सिल उचलली, बराच वेळ काही केलं नाही.
मग तांडेलवाडीच्या मागे, जिथे मी कागद कोरा सोडला होता,
एक रेघ ओढली,
अर्ध्यावर ती खाडीच्या निळ्याखाली नेली
आणि पलीकडे चार काटक्या काढल्या, एकीवर एक.

स्मशानाची पाणंद.
विषय क्रमांक सात, मोरी व भराव.
दोनदा पुढील सभेत, एकदा निधीअभावी,
एकदा मीच म्हटलं होतं, उधाण काय रोज येतं?

नियम मोडून ती बोलली, माझ्याशी नाही, कागदाशी:
"बापाशीक आम्ही कमरेएवढ्या पाण्यातसून न्हेलव.
मडक्यातले निखारे विझले.
माका परत घराकडे धावचा लागला."

मुकादम चष्मा पुसत राहिले, पुसून झाल्यावरही.
ऋजुताने वहीत काही टिपलं.
मी गप्प. अशा जागी मागितलेली माफी
भाषण होते, आणि भाषणं मला येतात.

तिच्या कागदावर मी राहिलेलं शोधू लागले.
सगळं होतं. माझं घर होतं,
दारातली अबोलीसुद्धा.
नव्हती फक्त पंचायतीची इमारत.
मी पेन्सिल धरून बसले.
एक चौकोन काढायला किती वेळ लागतो?
चहा आला.

शेवटच्या दिवशी फोटो, शाल, प्रमाणपत्र,
त्यावर माझ्या नावातली एक वेलांटी चुकलेली.
परतीच्या एसटीत ती पुढे, मी तीन सीटा मागे.
परुळ्याला उतरून मी पाण्याच्या बाटल्या घेतल्या, दोन.
एक तिने घेतली,
वीस रुपये सुट्टे मोजून दिले.

गुरुवारी मतदान. ती हात वर करणार.
करावाच.
कालनिर्णयात बघितलं, अमावास्या शनिवारी आहे.
उधाणात तिथे पाणी किती चढतं
ते दप्तरात कुठेच लिहिलेलं नाही.
तोवर मी सरपंच असेन, नसेन.
घरातला शिवणाचा टेप पाच फुटी आहे.
पुरेल बहुतेक.